ऐकायला कुणी नसलं तरी: इंग्लंडच्या कॅथेड्रलमधलं रोजचं गाणं

इंग्लंडमधल्या एखाद्या कॅथेड्रलमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी संध्याकाळी गेलात, तर कधीकधी असं दिसतं की गाणारे पंचवीस आहेत आणि ऐकणारे जेमतेम पंधरा. गाणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं, आठ ते तेरा वर्षांची. चारशे वर्षांपूर्वीची चार-पाच सुरांत गुंफलेली अवघड रचना ती सहज म्हणून मोकळी होतात. टाळ्या पडत नाहीत, कार्यक्रमपत्रिकेत कुणाचा फोटो नसतो. उद्या पुन्हा तेच, फक्त रचना वेगळ्या.

बाहेरून पाहणाऱ्याला हा मैफलीचा फसलेला प्रयोग वाटेल. पण ही मैफल नाहीच. पंढरपुरात काकड आरतीपासून शेजारतीपर्यंतचे नित्योपचार जसे आषाढीच्या गर्दीतही होतात आणि एरवीच्या सामसूम दिवशीही चुकत नाहीत, तसा हा कॅथेड्रलचा नित्यनेम आहे. श्रोते आले तर आनंद, नाही आले तरी गाणं होणारच. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो: मुलांसाठी वेगळी शाळा का, रोज नवी रचना कशी जमते, आणि एवढा खर्च कशासाठी.

आधी कॅथेड्रल म्हणजे काय ते पाहू. मोठं चर्च ते कॅथेड्रल असा आपला समज असतो, पण आकाराशी त्याचा संबंध नाही. एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश म्हणजे डायोसीस, आणि त्या बिशपचं अधिकृत आसन ज्या चर्चमध्ये असतं ते कॅथेड्रल. इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, असे चाळीसहून अधिक डायोसीस आहेत. गंमत म्हणजे कॅथेड्रलचा रोजचा कारभार बिशप पाहत नाही. तो डीन आणि त्याच्या सहकारी पाद्र्यांच्या मंडळाकडे, म्हणजे चॅप्टरकडे असतो. त्यांच्यातला प्रिसेंटर उपासना आणि संगीत यांची जबाबदारी सांभाळतो. प्रत्यक्ष गाणं बसवणारा वेगळा, तो संगीत दिग्दर्शक. जुन्या पद्धतीप्रमाणे त्याला कित्येक ठिकाणी अजूनही ऑर्गनिस्टच म्हणतात, म्हणजे ऑर्गन हे चर्चमधलं पाईपांचं मोठं वाद्य वाजवणारा.

या लेखात मी मुख्यतः सॉल्झबरीचं उदाहरण घेतो. दक्षिण इंग्लंडमधलं हे कॅथेड्रल 1220 साली बांधायला घेतलं आणि 1258 मध्ये त्याचं समर्पण झालं. नंतर चढवलेला त्याचा सुळका 123 मीटरचा, म्हणजे ब्रिटनमधला सगळ्यांत उंच. इथली गाणाऱ्या मुलांची शाळा मात्र इमारतीपेक्षा जुनी आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर जुनं कॅथेड्रल होतं, तेव्हा म्हणजे 1091 साली बिशप ऑझमंड यांनी ती सुरू केली असं मानतात. इमारत बदलली, धर्मपंथ बदलला, भाषा बदलली, पण मुलांना गायला शिकवायचं काम चालू राहिलं.

आता त्या संध्याकाळच्या उपासनेकडे वळू. तिला इव्हनसाँग म्हणतात. साधारण पाऊण तास चालते. प्रवचन सहसा नसतं, आणि जमलेल्या लोकांना फारसं काही करावं लागत नाही. कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा संघ, दोन बाजूंना, समोरासमोर बसतो. दक्षिणेकडची बाजू डीनची, तिला डेकानाय म्हणतात. उत्तरेकडची प्रिसेंटरची, ती कॅन्टोरिस. प्रत्येक बाजूला वरच्या पट्टीत गाणारी मुलं, आणि त्यांच्यामागे आल्टो, टेनर, बास अशा उतरत्या पट्ट्यांत गाणारे मोठे. म्हणजे एका कॉयरच्या पोटात दोन छोटे, पूर्ण कॉयर असतात. कधी ते आलटून पालटून गातात, कधी एकत्र. मधल्या जागेत उभं राहिलं तर आवाज उजवीकडून डावीकडे आणि पुन्हा उजवीकडे जाताना स्पष्ट कळतो.

सुरुवातीला प्रिसेंटर एक ओळ गातो आणि कॉयर तिला उत्तर देतो. मग येतात स्तोत्रं. माझ्या मते इव्हनसाँगचा खरा गाभा इथे आहे. नवखा श्रोता मात्र बहुतेक वेळा इथेच कंटाळतो.

बायबलमध्ये स्तोत्रसंहिता नावाचं दीडशे स्तोत्रांचं पुस्तक आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाने ती महिन्याच्या तीस दिवसांवर वाटून दिली आहेत, रोज सकाळी काही आणि संध्याकाळी काही. एकतिसावा दिवस आला तर तिसाव्याचीच पुन्हा. त्यामुळे जुना पाठ सांभाळणाऱ्या कॅथेड्रलमध्ये आज काय गायचं याची निवडच नसते, तारीख सांगेल ते. पंधरा तारखेच्या संध्याकाळी अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र येतं आणि त्यात सत्तरहून अधिक ओव्या आहेत. मुलं त्या तारखेकडे कशा नजरेने पाहत असतील हे सांगायला नको. अठ्ठाविसाव्या संध्याकाळी येतं बाबेलच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं स्तोत्र. ते फार सुंदर आहे, पण शेवट शत्रूची तान्ही बाळं खडकावर आपटण्याच्या भाषेत होतो. बरीच कॅथेड्रलं आता तो शेवट गाळतात. लांब स्तोत्रांनाही कात्री लागते.

इंग्रजी भाषांतरात ही स्तोत्रं गद्य आहेत. एक ओळ चार शब्दांची, पुढची चौदा शब्दांची. मग त्यांना चाल कशी लावायची? त्यासाठी अँग्लिकन चँट नावाची युक्ती आहे. साध्या चँटमध्ये फक्त दहा स्वरगुच्छ असतात: ओळीच्या पहिल्या अर्ध्या भागाला चार, दुसऱ्या अर्ध्याला सहा. दोन्ही भागांचा पहिला स्वर रबरासारखा ताणता येतो. जास्तीचे शब्द असतील ते सगळे त्याच एका स्वरावर, बोलल्यासारखे म्हणून टाकायचे आणि शेवटच्या शब्दांवर चाल बदलायची.

तेविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ मराठीत घेऊन पाहा: परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. ‘परमेश्वर माझा’ हे सगळं एकाच स्वरावर. मग ‘मेंढ’ला दुसरा स्वर, ‘पाळ’ला तिसरा, ‘आहे’वर चौथा, तिथे क्षणभर थांबायचं. पुढे ‘मला’ पुन्हा एका स्वरावर, आणि ‘का’, ‘ही’, ‘उणे’, ‘पडणार’, ‘नाही’ यांना एकेक. झाले दहा. पुढच्या ओळीत पहिल्या स्वरावर दहा शब्द आले तरी चाल तीच राहते. आता हे बावीस-पंचवीस जणांनी, चार आवाजांत, हात वर करून ताल दाखवणाऱ्याकडे फारसं न पाहता, एकाच वेळी श्वास घेऊन आणि एकाच वेळी शेवटचं अक्षर सोडून म्हणायचं आहे. पुस्तकात कुठला शब्द कुठल्या स्वरावर पडतो याच्या बारीक खुणा असतात, पण खुणांनी फक्त जागा कळते. शब्द किती रेंगाळवायचा आणि कुठे पुढे सरकायचं हे रोज एकत्र गाऊनच अंगवळणी पडतं. कॉयर कसा आहे हे जाणकार स्तोत्रांवरून ओळखतात. मोठ्या रचना आठवडाभर घोटता येतात, स्तोत्रांत मात्र एकमेकांचा श्वास ओळखावाच लागतो.

स्तोत्रांनंतर जुन्या करारातला उतारा वाचतात आणि मग मरीयेचं गीत येतं. देवदूताचा निरोप मिळाल्यावर मरीया म्हणते ते, ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’. त्यानंतर नव्या करारातला उतारा, आणि मग म्हातारा शिमोन बाळ येशूला हातात घेऊन म्हणतो ते गीत: आता तुझ्या दासाला शांतीने जाऊ दे. हीच दोन गीतं रोज गायली जातात, शब्द कधीच बदलत नाहीत, बदलते ती चाल. म्हणून गेल्या साडेचारशे वर्षांत इंग्लंडमधल्या जवळपास प्रत्येक चर्च-संगीतकाराने या जोडीला एकदा तरी हात घातला आहे. या चालींना सहसा नावं नसतात, त्या संगीतकार आणि पट्टी यांवरून ओळखल्या जातात: ‘स्टॅनफर्ड इन बी फ्लॅट’, ‘स्टॅनफर्ड इन सी’, ‘पर्सेल इन जी मायनर’. फलकावर एवढंच लिहिलेलं असतं आणि जाणणाऱ्याला तेवढं पुरतं.

यापुढे श्रद्धावचन, प्रार्थना, आणि मग अँथम, म्हणजे त्या दिवसासाठी निवडलेली स्वतंत्र रचना. 1662 च्या प्रार्थनापुस्तकात इथे अगदी कोरडी सूचना आहे की जिथे गायन होतं अशा ठिकाणी आता अँथम येईल. तेवढ्या एका ओळीच्या आधाराने इंग्रजी संगीतातला एक मोठा खजिना जमला.

रोज दोन गीतांची हीच जोडी का, याचं उत्तर सोळाव्या शतकात आहे. त्याआधी मठांत आणि कॅथेड्रलांत दिवसाचे आठ प्रहर लॅटिनमध्ये प्रार्थना चालायच्या. आठव्या हेन्रीने रोमच्या कॅथलिक चर्चशी नातं तोडलं, मठ बरखास्त केले. त्याच्या मुलाच्या राजवटीत, 1549 साली, आर्चबिशप थॉमस क्रॅन्मर यांनी इंग्रजी प्रार्थनापुस्तक आणलं आणि आठ प्रहर दोनवर आणले, सकाळ आणि संध्याकाळ. संध्याकाळच्या उपासनेत त्यांनी सांजवेळची आणि झोपण्यापूर्वीची अशा दोन लॅटिन प्रार्थना एकत्र केल्या. मरीयेचं गीत पहिल्या प्रार्थनेतलं, शिमोनचं दुसरीतलं. म्हणून ही जोडी.

संगीतकारांची मात्र पंचाईत झाली. शतकानुशतकांचं लॅटिन भांडार एका फटक्यात निकामी झालं. शिवाय क्रॅन्मर यांचं मत असं की शब्द लोकांना कळले पाहिजेत, म्हणून होता होईल तो एका अक्षराला एकच स्वर असावा. लांबलचक ताना आणि एकात एक गुंफलेले आवाज यांत वाढलेल्या माणसांना हे किती जाचलं असेल! थॉमस टॅलिस यांनी चार राज्यकर्त्यांची चाकरी केली आणि वारं फिरेल तसं कधी लॅटिनमध्ये, कधी इंग्रजीत लिहिलं. विल्यम बर्ड यांचं प्रकरण आणखी बाकं. ते लिंकन कॅथेड्रलचे ऑर्गनिस्ट होते, पुढे राणीच्या दरबारी चॅपेलमध्ये, म्हणजे तिच्या खास प्रार्थनागृहात गेले, आणि मनाने कॅथलिक राहिले. त्या काळी ते धोक्याचं होतं. प्रोटेस्टंट उपासनेसाठी त्यांनी लिहिलेलं संगीत आजही प्रत्येक कॅथेड्रलच्या यादीत असतं.

मग सतराव्या शतकात यादवी युद्ध झालं. ज्यांच्या हाती सत्ता आली त्या प्युरिटनांना, म्हणजे कट्टर प्रोटेस्टंटांना, चर्चमधला ऑर्गन म्हणजे थोतांड वाटायचं. 1644 साली संसदेने ऑर्गन काढून टाकायचा हुकूम काढला, कॉयर बंद झाले. 1660 मध्ये राजा परतला तेव्हा ऑर्गन पुन्हा बसवता येत होते, पण गाणारी मुलं आणायची कुठून? मधल्या काळात जी मुलं शिकायची ती शिकलीच नव्हती. राजाच्या चॅपेलमध्येसुद्धा वर्षभराहून अधिक काळ मुलांच्या ओळी कॉर्नेट नावाच्या वाद्यावर वाजवून किंवा मोठ्या पुरुषांनी आवाज चढवून भागवल्या. छापील वह्या कपाटात टिकतात, पण हे गाणं थोरल्या मुलाकडून धाकट्याकडे जातं आणि दहा-पंधरा वर्षांचा खंड त्याला मुळापासून उखडायला पुरेसा होतो.

मुलांचं हे शिक्षण जवळून पाहण्यासारखं आहे. सॉल्झबरीत साधारण सात-आठ वर्षांच्या मुलामुलींची चाचणी होते. तयार गळा कुणी शोधत नाही. कान चांगला आहे का, सांगितलेलं पटकन उचलतो का, आणि उत्साह आहे का, हे पाहतात. निवड झालेलं मूल कॅथेड्रलच्या आवारातल्या शाळेत येतं. सकाळी शाळेआधी सराव, मग इतरांसारखेच गणित-विज्ञानाचे तास, संध्याकाळी पुन्हा छोटा सराव आणि लगेच इव्हनसाँग. शाळेतली बाकीची मुलं नाताळच्या सुट्टीला घरी जातात तेव्हा यांचा खरा हंगाम सुरू होतो, आणि नाताळच्या सकाळची उपासना आटोपल्यावर त्यांची सुट्टी लागते.

नवीन मूल आधी उमेदवार म्हणून बसतं, थोरल्या कोरिस्टरच्या, म्हणजे कॉयरमधल्या मुलाच्या शेजारी. थोरला वहीवर बोट ठेवून जागा दाखवतो, कोपराने ढोसतो, पान उलटतो. वर्षभरात काहीच समजावून न सांगता पुष्कळ गोष्टी शिकून होतात. आणि एक रीत अनेक कॉयरमध्ये आहे, ती मला फार आवडते: सरावात आपलं चुकलं की मुलाने गाणं न थांबवता नुसता हात वर करायचा. म्हणजे मला कळलंय, सांगायची गरज नाही. दिग्दर्शक मान हलवतो आणि पुढे जातो. हात वर झाला नाही तरच थांबावं लागतं. रोज नवी रचना उभी करायला सराव फार तर तासाभराचा असतो, त्यात रागवायला वेळ कुठला? चुकीची लाज अशी गेली की मुलं न पाहिलेली स्वरलिपीही बेधडक वाचतात.

कायमचा कोरिस्टर झाल्यावर सॉल्झबरीत आणखी एक विधी होतो. मुलाचं डोकं तिथल्या एका दगडावर टेकवून हलकेच आपटतात. मुलींच्या डोक्यावर बायबल आपटतात. दोन्ही कामं मुलंच करतात, मोठ्यांनी फक्त पाहायचं.

मुलींचा उल्लेख सहज आला, पण ती गोष्ट सहज घडलेली नाही. नऊशे वर्षं इथे फक्त मुलगे गायचे. 1991 मध्ये रिचर्ड सील या दिग्दर्शकांनी मुलींचा स्वतंत्र कॉयर उभा केला. इंग्लंडच्या जुन्या कॅथेड्रलांत हे पहिल्यांदा घडत होतं. केवढा गहजब झाला! मुलग्यांच्या आवाजाला काही खास धार असते आणि ती मुलींना येणार नाही, असं ठामपणे सांगणारे होते. मुली आल्या की मुलगे गाणं सोडतील, ही भीतीही होती. जुनी पद्धत वाचवायला एक संघटनाही निघाली. पुढे डोळे मिटून आवाज ओळखायच्या चाचण्या झाल्या तेव्हा भल्याभल्यांची भंबेरी उडाली. सॉल्झबरीत आज मुलं आणि मुली उपासना वाटून घेतात. बहुतेक कॅथेड्रलं त्याच वाटेने गेली. लंडनच्या सेंट पॉल्सने मात्र 2025 पर्यंत वेळ लावला. मला विचाराल तर आवाजाचा हा वाद बराचसा सवयीचा होता.

मागच्या रांगेतले मोठे गायक हे वेगळंच प्रकरण आहे. त्यांना कुठे ले क्लार्क म्हणतात, कुठे व्हिकार्स कोरल, सॉल्झबरीत ले व्हिकार्स. इथे असे सहा जण आहेत, म्हणजे प्रत्येक बाजूला आल्टो, टेनर आणि बास एकेक. सर्दी झाली तरी लपायला जागा नाही. आल्टोची ओळ परंपरेने पुरुषच गातात, आवाज चढवून, आणि ऐकणाऱ्याला पहिल्यांदा दचकायला होतं. हे लोक दिवसा शिक्षक असतात, कार्यालयांत काम करतात, शिकवण्या घेतात, आणि संध्याकाळी झगा चढवून हजर होतात. पगार बेताचाच. पूर्वीची सोय बरी होती म्हणायची: इंग्लंडमधल्या वेल्स या गावच्या कॅथेड्रलने चौदाव्या शतकात गायकांना राहायला एक अख्खी गल्ली बांधून दिली. व्हिकार्स क्लोज नावाची ती गल्ली अजून उभी आहे. तिथून थेट कॅथेड्रलमध्ये जायला पंधराव्या शतकात वरच्या वर एक पूलही बांधला. गायकांनी वाटेत गावातल्या गुत्त्यात थांबू नये हाही त्यामागचा हेतू असावा, अशी मला शंका आहे. चिचेस्टरचे ऑर्गनिस्ट थॉमस विल्क्स यांना 1617 मध्ये दारू आणि शिवीगाळ यांपायी काढून टाकलं होतं. त्यांचं संगीत मात्र इतकं अव्वल आहे की चिचेस्टरसह सगळीकडे आजही ते आदराने गातात.

ऑर्गनवर थोडक्यात. सॉल्झबरीचा ऑर्गन हेन्री विलिस यांनी 1870 च्या दशकात बांधला आणि जाणकार त्याची गणना इंग्लंडमधल्या उत्तम ऑर्गनांत करतात. वाजवणारा बसतो एकीकडे, पाईप दुसरीकडे, कॉयर तिसरीकडे. त्याला दिग्दर्शक दिसतो तो पडद्यावर, आणि कॉयरचा आवाज त्याच्या कानावर किंचित उशिरा पडतो. ऐकून वाजवलं तर हमखास मागे पडणार, म्हणून कानावर विश्वास न ठेवता डोळ्यांनी वाजवायचं. 2021 च्या जानेवारीत हे कॅथेड्रल कोविड लसीकरणाचं केंद्र झालं तेव्हा इथल्या ऑर्गनिस्टांनी लस घेऊन बसलेल्या वृद्धांसाठी तासन्‌तास बाख आणि हँडल या संगीतकारांच्या रचना वाजवल्या. लोक फर्माइशीही पाठवत होते.

दगडी इमारतीत आवाज घुमतो. सेंट पॉल्सच्या घुमटाखाली तो विरायला आठ-नऊ सेकंद लागतात. भराभर स्वर बदलले तर सगळ्याचा काला होतो. विसाव्या शतकातले हर्बर्ट हॉवेल्स यांनी हीच अडचण कामाला लावली. ते ग्लॉस्टरशायरचे, ग्लॉस्टर कॅथेड्रलमध्ये ऑर्गन शिकलेले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या डीनने गिनीची पैज लावून डिवचलं म्हणून त्यांनी उपासनेचं संगीत हाती घेतलं, आणि 1945 पासून पुढे मरीया-शिमोनच्या जोडीच्या वीसएक चाली केल्या, बऱ्याचशा एकेका इमारतीसाठी. 1946 ची ‘ग्लॉस्टर’ अशी आहे की मुलांचा आवाज वर उठून छताशी रेंगाळतो आणि खालचा पुढचा सूर त्यात मिसळतो. सेंट पॉल्ससाठी 1951 मध्ये लिहिताना त्यांनी स्वर मुद्दाम सावकाश बदलत ठेवले. ही चाल लहान खोलीत गायली तर अर्धी राहते.

सगळ्यांनाच अशी चैन परवडायची नाही. एकोणिसाव्या शतकात कॅथेड्रलांची दशा वाईट होती: गायक दांडी मारत, चॅप्टर पैसे देत नसे. सॅम्युएल सेबास्टियन वेस्ली हेरफर्डला होते तेव्हाची गोष्ट. ईस्टरच्या दिवशी मुलांखेरीज मोठा गायक एकच मिळण्यासारखा होता, बास, आणि सांगतात की तो डीनचा बटलर होता. वेस्लींनी तेवढ्यांत भागेल असा अँथम लिहिला. तो आज सर्वांत लाडक्या अँथमांपैकी एक आहे. पुढे 1849 मध्ये त्यांनी कॅथेड्रलांच्या या अनास्थेवर एक जळजळीत पुस्तिकाही छापली.

पैशाचं रडगाणं अजून संपलेलं नाही. मुलांची शाळा, शिष्यवृत्त्या, गायकांचे पगार, ऑर्गनची निगा, हा सगळा खर्च चॅप्टर, जुन्या देणग्या आणि वर्गणीदार मिळून उचलतात. चर्च ऑफ इंग्लंड हे अधिकृत राष्ट्रीय चर्च असलं तरी कॉयरचा पगार सरकार देत नाही. 2020 मध्ये शेफिल्ड कॅथेड्रलने आपला कॉयर बरखास्त करून नव्याने मांडणी करायचं ठरवलं आणि मोठा वाद झाला. 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के कर लागला आहे, त्याचा चटका या शाळांनाही बसतो. हा पोशाखी डामडौल मूठभरांसाठी का पोसायचा, असा प्रश्न इंग्लंडमध्येही विचारला जातो. तो गैर नाही. पण गरीब घरातल्या मुलालाही शिष्यवृत्तीवर हे शिक्षण मिळू शकतं, आणि इव्हनसाँगला येणाऱ्याला तिकीट लागत नाही, हेही त्याच वेळी खरं आहे.

ही पद्धत साम्राज्याबरोबर मुंबईतही आली होती. फोर्टातलं सेंट थॉमस चर्च 1718 मध्ये खुलं झालं, चर्चगेटला नाव मिळालं ते त्याच्यामुळे. 1837 मध्ये मुंबईला बिशप मिळाला आणि ते कॅथेड्रल झालं. तिथल्या उपासनेत गायला मुलं हवीत म्हणून 1875 मध्ये एक कॉयर स्कूल काढण्यात आलं. आजच्या प्रसिद्ध कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूलच्या नावातलं कॅथेड्रल हेच.

लंडन, लेस्टर, मँचेस्टरकडे राहणाऱ्या किंवा तिकडे फिरायला जाणाऱ्या मराठी मंडळींना माझं सांगणं एवढंच की दिवसा तिकीट काढून कॅथेड्रल पाहण्याबरोबर एकदा इव्हनसाँगला जाऊन बसा. धर्म कुणी विचारत नाही. दाराशी स्वयंसेवक असतात, त्यांना सांगितलं तर बहुतेक ठिकाणी कॉयरच्या जवळच्या लाकडी आसनांवर बसवतात. तिथेच बसा, लांबून अर्धंच कळतं. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. फोन बंद, फोटो नाही, टाळ्या नाहीत. शेवटी ऑर्गन जोरात सुरू झाला की निघालात तरी चालतं, पण थांबलात तर बरं. नोव्हेंबरअखेरीस किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला सॉल्झबरीत पूर्ण अंधारात एका मेणबत्तीपासून सुरू होऊन अख्खं कॅथेड्रल उजळवणारी मिरवणूक असते. तिला मात्र तोबा गर्दी होते, फार आधीपासून तयारी ठेवावी लागते. घरबसल्या ऐकायचं तर बीबीसी रेडिओ थ्री दर आठवड्याला एक इव्हनसाँग प्रसारित करतो; बीबीसीवरची ही प्रथा 1926 पासूनची.

जाण्याआधी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर त्या महिन्याची संगीत-यादी पाहा. ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी असते, मुलं घरी गेलेली असतात. तरी उपासना होते. कुठल्यातरी गावातला हौशी कॉयर आठवडाभरासाठी पाहुणा म्हणून येतो, स्वतःच्या रजा खर्च करून, आणि रोज संध्याकाळी गातो.